ओल्या दुपट्ट्यातली मासळी

आउग्सबर्ग, जर्मनी
रविवार, १६ जून २०२४

बाबा,

आधी पाया पडतो, मग बाकीचं. भाग्यश्री, तू सावकाश वाच. तू वाचायला लागलीस की बाबांना अर्धं कळत नाही आणि ते तुझं मन राखायला 'हो, हो' म्हणत बसतात.

तुम्हाला इथून जाऊन तेरा दिवस झाले. फोन केला की आई सांगते, "तुहा बाप बोडीवर गेला." सकाळी केला तरी बोडीवर, दुपारी केला तरी बोडीवर. एवढा वेळ त्या बोडीच्या एवढ्याशा तळ्यात मासेही राहत नसतील. म्हणून शेवटी पत्र लिहायला बसलो. चंद्रपूरला हॉस्टेलात होतो तेव्हा लिहायचो, आणि तुम्ही ते शाळेतल्या गुरुजींकडून दोन-दोनदा वाचून घ्यायचात असं आई सांगायची. आता घरातच वाचणारी आहे, गुरुजींना तेवढीच सुट्टी.

तुम्ही गेल्यापासून आमचे दोन रविवार मोकळे गेले. इथं शनिवार-रविवारी कुठं हिंडायला गेलं नाही तर सोमवारी ऑफिसात लोक विचारतात, बरं नव्हतं का? म्हणजे पाच दिवस काम आणि दोन दिवस हिंडायचं काम. तुम्ही होतात तेव्हा मात्र ते काम वाटलं नाही. त्या राजवाड्याची गोष्ट मी अजून ऑफिसात सांगतो. डोंगरावरचा तो पांढरा वाडा, खाली हजार माणसांची रांग, आणि तुम्ही रांगेत उभे राहून मला विचारलंत, "राजा कुठी हाये?" मी म्हटलं, मेला, सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. "मंग हे लोकं कोनाले भेटाले चालले?" मी म्हटलं, वाडा बघायला. तुम्ही वर मान करून पाहिलंत आणि म्हणालात, "आपल्या चांद्याचा परकोट पाहाले कोनी येत नाई. तिथी लोकं भितीले टेकून इडी पेते." तुमची सून रंजीता एवढी हसली की मागच्या जपानी बाईनं तिचा फोटो काढला.

दुसऱ्या रविवारी आपण दोरीच्या पाळण्यातून बर्फाच्या डोंगरावर गेलो. तुम्ही सरिताचा हात घट्ट धरला होतात. ती घाबरू नये म्हणून, असं तुम्ही सांगितलंत. तिनं मला कानात सांगितलं की आजोबांचाच हात थरथरत होता. आठ वर्षांची पोरगी आहे, पण सगळं बघते.

तिसरा रविवार तळ्याचा. त्याचं काय लिहायचं? पाणी थंड होतं, तुम्ही उगाच आत उतरलात, सर्दी झाली नाही हे नशीब. राखणदार भला माणूस निघाला. माझ्या ऑफिसातल्या कुलदीपच्या घरचे, बाकीची मंडळी, सगळे तुमची आठवण काढतात. काका फार शांत, असं म्हणतात.

त्यानंतर दोनच दिवसांनी तुम्ही म्हणालात, "तलावात बीज सोडाचे दिवस आले, मले जा लागते." तीन महिन्यांसाठी आलेला माणूस महिन्याभरात निघाला. मासळीचं बीज सोडायला अजून दीड-दोन महिने होते, एवढं मलाही कळतं, मी मासे धरणाऱ्या धिवराचाच पोरगा आहे. पण मी विचारलं नाही. कुलदीपची आई मीराबाई त्याच आठवड्यात चंद्रपूरला परत निघाल्या होत्या, त्यांच्यासोबत तुमचं तिकीट काढून दिलं. प्रवासात त्यांनी नीट सांभाळलं ना? त्यांचा स्वभाव जरा काळजीचा आहे.

आता फोन उचला. बोडी कुठं पळून जात नाही.

तुमचा,
निकेश

आउग्सबर्ग
रविवार, ७ जुलै २०२४

बाबा,

भाग्यश्री, हे पत्र घरात वाचू नकोस. आईसमोर तर नाहीच. बाबांना घेऊन तलावाच्या पाळीवर जा आणि तिथं वाच. यात जे शब्द आहेत ते तुझ्या तोंडून त्यांच्या कानावर जाणार याची मला आत्ताच लाज वाटते आहे. पण बाबांना वाचता येत नाही आणि माझ्यात फोनवर बोलायची हिंमत नाही, त्यामुळं ओझं तुझ्यावर. मोठ्या भावांची ही जुनीच रीत.

काल आम्ही प्राणी बघायला निघालो होतो. गाडीत सरिता मागं बसून सहज म्हणाली, "पप्पा, आजोबांचं डोकं आता बरं झालं का?" मी विचारलं, कोणतं डोकं? ती म्हणाली, "तुम्ही त्या हिरव्या जाकिटाच्या काकांना सांगितलं ना, त्यांचं डोकं आजारी आहे. मी आजोबांना त्याच दिवशी संध्याकाळी विचारलं, दुखतं का. त्यांना माहीतच नव्हतं." रंजीता गाडी चालवत होती. तिनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली. आम्ही प्राणी बघायला गेलो नाही.

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. रविवारी संध्याकाळपासून ठाऊक होतं. मंगळवारी तुम्ही बिजाचं नाव काढलंत. मधले दोन दिवस माझ्यासमोर बसून जेवलात आणि मला एका शब्दानं विचारलं नाहीत.

मागच्या पत्रात मी लिहिलं, पाणी थंड होतं. बाबा, चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. आता सगळं पहिल्यापासून सांगतो, तुम्हाला माहीत असलेलं आणि नसलेलं.

तुम्ही येण्याच्या आधीपासून, खरं तर नोकरीला लागल्यापासून, मी इथं सांगत आलो की माझे वडील मत्स्य खात्यातून निवृत्त झाले. कुलदीप माझ्यापेक्षा दोन पायऱ्या वर, चंद्रपूर शहरातला, त्याचे वडील वकील. त्यानं पहिल्या भेटीत विचारलं, बाबा काय करतात? माझ्या तोंडून निघून गेलं. खातं मीच दिलं, पदही मीच दिलं, निवृत्तीही मीच दिली. मग तुम्ही आलात तेव्हा पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी मी तुम्हाला सांगितलं, कोणी विचारलं तर मत्स्य खात्यात होतो म्हणा. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. मग म्हणालात, "मी काऊन खोटं बोलू? मले जमत नाई. मी आपला चूप राहीन." आणि खरंच गप्प राहिलात. राजवाड्याच्या रांगेत घरचेच होतो म्हणून बोललात, पण कुलदीपची मंडळी जवळ आली की तोंड बंद. लोकांना वाटायचं, मोठा अधिकारी, मोजकं बोलतो.

आता तळं. पाच कुटुंबं होतो. सतरंज्या टाकल्या होत्या, बायकांनी पुलाव काढला होता, पोरं पाण्याशी खेळत होती. तुम्ही काठाकाठानं हिंडायला गेलात. तळ्याचं पाणी उतरलं होतं, लव्हाळ्यात एक खड्डा मागं राहून गेला होता, आणि त्यात हातभर लांबीची मासळी अडकली होती. गाभोळीनं पोट टम्म. पाठ पाण्याच्या वर उघडी पडली होती.

तुम्ही काय करत होतात ते मला लांबूनच कळलं, बाबा. हे नीट ऐका. मला कळलं होतं. दर पावसाळ्यात मासळी चढून धानाच्या बांध्यांत येते, पाणी उतरलं की अडकते, आणि तुम्ही आपल्या मासेमारी संस्थेच्या लोकांना घेऊन गाभोळीवाली मासळी ओल्या दुपट्ट्यात उचलून तलावात परत सोडता. बाकीची घरी न्या म्हणता, गाभोळीवाली कोणी नेली तर त्याच्या घरी पाणी पीत नाही. लहानपणी दुपट्ट्याचं एक टोक मी धरलेलं आहे. मासळीचे डोळे झाकले की ती शांत होते, हे मला तुम्हीच शिकवलंत.

तुम्ही मी घेतलेली पँट काढून घडी करून दगडावर ठेवलीत, शर्ट त्याच्यावर, आणि पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर खड्ड्यात उतरलात. खांद्यावरचा दुपट्टा भिजवला, मासळी गुंडाळली आणि छातीशी धरून लव्हाळ्यातून खोल पाण्याकडं निघालात. बाकावर कुत्रा घेऊन बसलेल्या म्हातारीनं आरडाओरडा केला. तिला वाटलं, मासा चोरला. हिरव्या जाकिटातला राखणदार धावत आला. तोवर तुम्ही कमरेएवढ्या पाण्यात जाऊन मासळी सोडून दिली होती आणि रिकामा दुपट्टा पिळत परत येत होतात. म्हणजे दुपट्ट्यात काय होतं आणि कुठं गेलं ते त्याला दिसलंच नाही.

त्यानं विचारलं, हा माणूस कोण? परवाना आहे का? कुलदीप, मीराबाई, सगळे येऊन उभे राहिले होते. तुम्ही चड्डीवर, पाणी गळतंय, केसांत शेवाळ. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, हे माझे वडील, जन्मभर मासेमारी केली, अडकलेली मासळी त्यांनी सोडवली. मला जर्मन येत नव्हतं असं नाही. पण जन्मभर मासेमारी केली असं म्हटलं की मत्स्य खातं संपलं. पाचही कुटुंबांना जर्मन येतं.

मी म्हणालो, माझे वडील आहेत, यांच्या डोक्यावर परिणाम झालाय, काय करतात ते यांना कळत नाही.

त्याचा आवाज एकदम बदलला. त्यानं तुमच्या खांद्यावर हात ठेवला आणि लहान मुलाशी बोलावं तसं हळूहळू, मोठ्यानं काही बोलला. तुम्हाला वाटलं, तो तुम्हाला शाबासकी देतोय. तुम्ही हसलात, त्याला हात जोडलेत. गाडीत बसल्यावर मला म्हणालात, "समजदार मानूस होता. पान्याजवळ राहते ना, त्याले समजलं." मी हो म्हटलं.

त्याआधी पुलाव खाताना कुलदीप माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला होता, "आधी सांगायचं ना यार. म्हणूनच काका बोलत नव्हते." तुम्ही माझ्या एका खोट्यासाठी गप्प बसला होतात, आणि तेच गप्प बसणं माझ्या दुसऱ्या खोट्याला साक्षीदार म्हणून उपयोगी पडलं. त्यावर मी मान हलवली. मान हलवायला काही लागत नाही.

आणि विमानतळ. मीराबाईंनी तुमचं मनगट धरलं आणि मला म्हणाल्या, "तू काळजी करू नको बाबू, मी यायले एकटं सोडनारच नाई." तुम्ही तेव्हा माझ्याकडं पाहिलंत. मला वाटलं, निरोपाचं पाहिलंत. आता कळतं की तुम्ही मला शेवटची संधी देत होतात. भाग्यश्रीनं मागं सांगितलं होतं की त्या बाईंनी तुम्हाला विमानात एकट्यानं संडासलाही जाऊ दिलं नाही, दाराबाहेर उभ्या राहायच्या, आणि जेवणातला चमचासुद्धा त्यांनीच धरला. आम्ही दोघं फोनवर हसलो होतो. भाग्यश्री, तुला माहीत नव्हतं, तू हसलीस तर चालतं. मला माहीत होतं.

बाबा, मला माफ करा असं लिहायला घेतलं आणि खोडलं. ते तुमच्यावर सोपवून मोकळं होण्यासारखं आहे. मला लाज वाटते. त्या तळ्यावर मला तुमच्या चड्डीची लाज वाटली होती. आता माझी वाटते, आणि ती कुठं झाकून ठेवावी ते समजत नाही.

निकेश

आउग्सबर्ग
रविवार, २८ जुलै २०२४

भाग्यश्री,

तुझा फोन ठेवला आणि लगेच हे लिहायला बसलो. सोबत दुसरा कागद आहे, तो संस्थेच्या सभेत वाचायचा आहे.

तू सांगितलंस, बाबांनी पाळीवर बसून माझं सगळं पत्र ऐकलं, मध्ये एकदाही थांबवलं नाही, शेवटी "बरं" म्हणाले आणि जाळं झटकायला उठले. तेवढ्यावर मी रडलो असतो, पण तू पुढचं सांगितलंस. मीराबाई चामोर्शीला एका लग्नात आल्या आणि आपल्याच गावच्या बायकांना म्हणाल्या, बिचाऱ्या गोविंदाभाऊचं डोकं गेलं, पोरानं स्वतः सायबाला सांगितलं. बाई खोटं बोलल्या नाहीत. मी सांगितलं तेच बोलल्या.

आणि आता संस्थेतले डोमाभाऊ म्हणतात की ज्याचं डोकं ठिकाणावर नाही त्याच्या हातात तलाव कसा ठेवायचा. बारा वर्षं बाबा अध्यक्ष आहेत. बीज कधी सोडायचं, जाळं कधी टाकायचं, पाळीला कुठं माती घालायची, सगळं पाण्यात पाय घालून सांगतात आणि साठ घरं त्यावर चालतात. पंचवीस ऑगस्टच्या सभेत त्यांना उतरवायचं ठरतंय. डोमाभाऊंचं चुकलं असं मी म्हणूच शकत नाही. माझ्या बापाबद्दल असं मीच सांगितलं असेल तर त्यांनी दुसरं काय म्हणावं?

तू म्हणालीस, व्हिडिओ लावून सभेत तूच बोल. तिथं रेंज नसते असं मी म्हटलं. रेंज असते, पाळीवर चारही दांड्या येतात. साठ माणसांच्या तोंडाकडं पाहून मला बोलता येणार नाही, हे खरं कारण. म्हणून कागद. तू उभी राहा आणि खणखणीत वाच. तिथं तुझी वाचायची एक्सप्रेस चालवलीस तरी चालेल, पण एक शब्द गाळू नकोस.

निकेश

संस्थेचे सर्व सभासद भाऊ आणि बाई यांना निकेश गोविंदा याचा नमस्कार.

मी आपल्याच गावचा. आपल्या तलावाच्या मासळीवर वाढलो, त्यावरच शिकलो. गोविंदाभाऊंच्या डोक्यावर परिणाम झाला आहे असं तुमच्या कानावर आलं आहे. ते जर्मनीत एका सरकारी माणसाला सांगितलं ते मी. दुसरं कोणी नाही.

ते खोटं आहे. तिथल्या तळ्यात गाभोळीवाली मासळी अडकली होती. बाबांनी ती ओल्या दुपट्ट्यात उचलून खोल पाण्यात सोडली. तुम्ही त्यांच्यासोबत दरवर्षी जे करता तेच केलं. त्या तळ्याच्या काठावर त्या दिवशी शुद्धीवर असलेला तेवढा एकच माणूस होता. मी तिथल्या लोकांना माझे वडील अधिकारी होते असं सांगून ठेवलं होतं. ते मासे धरतात हे कळू नये म्हणून मी त्यांना पागल ठरवलं. धिवराचा पोरगा म्हणवून घ्यायची मला लाज वाटली, एवढंच कारण, दुसरं शोधू नका.

मासे धरणाऱ्या साठ घरांसमोर हे सांगायला मला तोंड नाही, म्हणून बहिणीचं तोंड वापरतो आहे. शिक्षा द्यायची असेल तर मला द्या. माझ्या वडिलांकडून तलाव काढून घेऊ नका.

निकेश गोविंदा

आउग्सबर्ग
रविवार, १ सप्टेंबर २०२४

बाबा,

मागच्या रविवारी सभेनंतर भाग्यश्रीचा फोन आला. ती एवढी रागावली होती की हॅलो म्हणायचंही विसरली. माझ्यावर आहे की तुमच्यावर, तेही तिला ठरवता येत नव्हतं.

ती म्हणाली, सभा भरली. डोमाभाऊंनी विषय काढला, पण आवाज चढवून नाही, "गोविंदाभाऊनं लय केलं, आता आराम करू द्या" असं म्हणाले. ती माझा कागद घेऊन उभी राहिली. पहिली ओळ वाचली, 'निकेश गोविंदा याचा नमस्कार', आणि तुम्ही जागेवरून उठून तिच्याजवळ गेलात आणि हात पुढं केलात. "दे इकडं." तिनं दिला. बापानं मागितल्यावर ती दुसरं काय करणार? तुम्ही कागदाची घडी घातली, पुन्हा घडी घातली, आणि शर्टाच्या खिशात ठेवलात.

आणि सगळ्यांना म्हणालात, "तुमी आयकलं ते खरं हाये. तिकडं माह्यं डोस्कं फिरलं होतं. कपडे काढून दुसऱ्याच्या पान्यात उतरलो, सायबानं पकडलं, पोराले खाली मान घाला लागली. आता मी अध्यक्ष राहत नाई. डोमाले करा, तो चांगला हाये."

बाबा, तुम्हाला खोटं जमत नाही असं तुम्हीच मला सांगितलं होतंत.

घरी आल्यावर भाग्यश्रीनं विचारलं, "काऊन केलं बाबा असं?" तुम्ही म्हणालात, "पोरगा तिकडं हाये म्हनून चार लोकं त्याचं नाव काढते. धिवराच्या पोरायले त्याचं नाव सांगून शाळेत धाडते. धड बापाले पागल म्हनते हे आयकलं तं थुकतीन त्याच्या नावावर. मी म्हातारा हाओ. माह्यं चालते." मग म्हणे जेवलात, आणि सवयीनं तलावावर जायला निघालात, आणि दारातून परत आलात. डोमाभाऊंचं काम आता, म्हणून. भाग्यश्रीला इथपर्यंत सांगता आलं. नंतर तिनं फोन ठेवून दिला.

मी ते वाक्य आठ दिवस कानात घेऊन हिंडतो आहे. तुम्ही दारातून परत आलात. तुमच्या पायांना ती वाट कोणी बंद केली असेल तर मी. काल शनिवार होता, रंजीता म्हणाली कुठं जायचं का, मी नाही म्हटलं. तिनंही आग्रह केला नाही. तिचं माझं बोलणं सध्या कामापुरतंच आहे, आणि ते योग्यच आहे.

सोमवारी मी कुलदीपला त्याच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. माझे वडील धिवर आहेत, मासे धरतात, त्यांचं डोकं तुझ्या-माझ्यापेक्षा ठीक आहे. त्यानं समोरचा लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "माझ्या आईनं सतरा तास एका धड माणसाचं मनगट धरून ठेवलं यार." त्यानं तिला फोन करून खरं सांगतो असं कबूल केलं. माझ्याशी पुन्हा कसा वागेल ते माहीत नाही. मला वाटलं होतं की हे सांगितलं की आभाळ कोसळेल. पाच मिनिटं लागली, बाबा. पाच मिनिटांचं काम मी सात वर्षं टाळलं आणि त्याची भरपाई तुम्ही केलीत.

मग बुधवारी डोमाभाऊंना फोन लावला. त्यांनाही सांगितलं, पहिल्यापासून. खिशातल्या कागदात काय आहे तेही. मागं शेळ्या ओरडत होत्या, त्यांना त्यांनी आधी हाकललं. मग म्हणाले, "तुह्या बापाच्या जागेवर मी बसलो निकेश, अन् मले आता पाळीवर चालाची लाज वाटून राह्यली." मी म्हटलं, तुम्ही सभेत सांगून टाका ना. तर एकदम चढले. "मी नाई सांगत. भाग्यश्रीनं बी नाई सांगाचं. चिठ्ठ्या बस झाल्या. मी सभा बोलावतो, तू ये अन् तुह्या तोंडानं सांग. मंग बापाले परत त्याच्या जागी बसवू. तू नाई आला तं मी बी नाई उठत."

मी तिकीट काढलं आहे. एकवीस सप्टेंबरला शनिवारी घरी पोचतो, बावीसला रविवारी सभा. सरिता आणि रंजीता सोबत येत आहेत. सरितानं विचारलं, "आपण काय बघायला चाललोय?" मी तिला खरं सांगितलं. पप्पा खोटं बोलले होते, ते सगळ्यांसमोर सांगायला चाललेत. तिनं विचारलं, आजोबांना ते आवडेल का? मी म्हटलं, नाही आवडणार.

तुम्हाला नाही आवडणार हे मला ठाऊक आहे, बाबा. गावात माझं नाव राहावं म्हणून तुम्ही स्वतःचं घालवलंत, आणि मी ते येऊन मोडणार. लोक थुंकतील तर थुंकू द्या. तुमच्या डोक्याच्या बदल्यात मिळालेलं नाव घेऊन मी कोणत्या पोराला शाळेत धाडू?

मला भीती वाटते. साठ माणसं समोर बसलेली डोळ्यांसमोर येतात. बोलताना अडखळेन, कदाचित रडेन, कदाचित अर्ध्यात थांबेन. आईलाही खरं काय ते तिथंच पहिल्यांदा कळेल. मी कोणाची मदत घेणार नाही. फक्त तुमच्याकडून एक हवं आहे.

कागद तुम्ही खिशात घातलात. मी उभा राहिलो की मला खिशात घालू नका. हात पुढं करू नका, मध्ये उठू नका, आणि पोरगा चुकला म्हणून सांभाळून घेऊ नका. तुम्ही पुढच्या ओळीत बसा, आणि मी सांगेपर्यंत माझ्याकडं बघत राहा.

निकेश